मसल कार : एका संहितेचे वाचन

'मसल कार' या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायला बसले की प्रथम हसू येते. 'स्नायुयान' म्हणावे तर ते एखाद्या परिभाषाकोशातून थेट उचलल्यासारखे वाटते; 'दणकट गाडी' म्हणावे तर डोळ्यांपुढे ट्रक उभा राहतो. आपल्या बोलीत मात्र त्या भावाच्या अगदी जवळ जाणारा एक शब्द आहे : बेटकुळी. दंड आवळला की जी गोळी वर येते ती बेटकुळी. तालमीत नव्याने जाऊ लागलेले पोर बाही वर सारून येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवत असते. त्या दाखवण्यात ताकद असतेच. पण ताकदीहून अधिक 'बघा तरी' ही हाक असते. १९६४ ते १९७२ या सुमारास अमेरिकेत ज्या गाड्या निघाल्या, त्यांच्या लांबलचक बॉनेटवरचे उंचवटे, मागच्या चाकांवर फुगलेले पत्रे आणि रुंद काळे पट्टे पाहिले की ही हाक ऐकू येते. त्या गाड्या बेटकुळ्या दाखवणाऱ्या आहेत.

गंमत अशी की त्या काळात त्यांना कोणी फारसे 'मसल कार' म्हणत नसे. मोटारविषयक नियतकालिके 'सुपरकार' हा शब्द वापरीत. आजचे नाव रूढ झाले ते नंतर, म्हणजे तो काळ संपत आल्यावर आणि त्याच्याकडे वळून पाहण्याची गरज निर्माण झाल्यावर. साहित्याच्या अभ्यासकांना हे नवे नाही. 'साठोत्तरी' हे नावही त्या दशकात लिहिणाऱ्यांनी लिहिता लिहिता स्वतःला दिलेले नव्हते. प्रवाह वाहून गेल्यावर काठावर बसून नाव देणे हे समीक्षेचे काम. आणि नाव दिले की त्याबरोबर थोडी हुरहूरही येतेच.

मराठीची एक अध्यापिका या विषयाकडे कशी वळली, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण माझ्या वर्गात बसते. ग्रामीण भागातून येणाऱ्या, स्वतःच्या दुचाकीत पेट्रोल किती उरले आहे याचा रोज हिशोब करणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर मला वारंवार एक जुनी अमेरिकन गाडी दिसते : बहुधा काळी डॉज चार्जर, किंवा पट्टे ओढलेली मस्टँग. २००१ साली सुरू झालेल्या 'द फास्ट अँड द फ्युरियस' या चित्रपटमालिकेने ती त्यांच्यापर्यंत आणली, हे उघड आहे. पण जी गाडी त्यांच्या जन्माच्या तीन दशके आधी बनली, जी त्यांनी कधी रस्त्यावर पाहिली नाही आणि पाहणारही नाहीत, तिच्याविषयी त्यांना वाटणारी ओढ ही केवळ चित्रपटाची किमया म्हणून सोडून देता येत नाही. दुसरे कारण माझा आतेभाऊ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. कोल्हापुरातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो नव्वदच्या दशकात मिशिगनला गेला तो तिथलाच झाला. त्याच्या गॅरेजात १९७० सालची एक डॉज चॅलेंजर उभी आहे. तिच्याविषयी पुढे लिहायचे आहे.

आधी थोडा इतिहास. या प्रकाराचा आरंभ सामान्यतः १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून मानतात. आरंभबिंदू नेहमीच वादग्रस्त असतात. कोणी १९४९ च्या ओल्डस्मोबिल रॉकेट ८८ पर्यंत मागे जातात. हलक्या देहात मोठे इंजिन बसवण्याची कल्पना तिथे आहेच, आणि त्या गाडीवर रचलेले, १९५१ साली ध्वनिमुद्रित झालेले एक गाणे रॉक अँड रोलच्या आद्य मुद्रणांत गणले जाते. तरीही जीटीओचा मान राहतो, कारण तिच्यात प्रकाराची सगळी लक्षणे एकत्र आली : मध्यम आकार, दोन दारे, मोठ्या गाडीतले आठ सिलिंडरांचे इंजिन आणि तरुणाच्या आवाक्यातली किंमत.

तिची जन्मकथा तर एखाद्या आडवाटेच्या टीकाकाराला शोभेल अशी आहे. जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये. पॉन्टियाकच्या जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकारी अभियंत्यांनी ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन टेम्पेस्ट या गाडीत बसवून पाहिले. नियमातून सुटका अशी काढली की जीटीओ ही वेगळी गाडी म्हणून जाहीर न करता टेम्पेस्टवर सुमारे ३०० डॉलर जादा देऊन घ्यावयाची एक सोय म्हणून यादीत घातली. नियम गाडीला होता, जोडसामानाला नव्हता. पाच हजार गाड्या काढून पाहू, असे ठरले होते. पहिल्याच वर्षी ३२,४५० विकल्या गेल्या. मूळ ग्रंथाला हात न लावता टीपेतून बंड करणाऱ्या भाष्यकारांची परंपरा आपल्याकडेही आहे; हा त्यातलाच प्रकार म्हणायचा.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली. काटेकोरपणे पाहता ती 'पोनी कार', म्हणजे लहान चणीची; पण लोकमानसात ती याच कुळातली. महायुद्धानंतर १९४६ पासून जन्मलेल्यांची मोठी पिढी तेव्हा नुकती अठरा वर्षांची होत होती. कारखान्यातल्या साध्या कामगाराच्या मुलालाही हप्त्याने नवी गाडी घेता येई आणि पेट्रोल गॅलनला तीसपस्तीस सेंट होते. कंपन्यांनी या पिढीची नाडी ओळखली. प्लिमथने १९६८ साली रोड रनर नावाची स्वस्त गाडी काढली. त्या नावाच्या कार्टूनमधल्या पक्ष्याचे चित्र वापरण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर दिले आणि गाडीचा भोंगाही त्या पक्ष्यासारखा 'बीप बीप' करणारा बसवला. एवढ्या राक्षसी यंत्राला व्यंगचित्रातला पक्षी चिकटवण्यात जो पोरकट उत्साह आहे, तो वगळून या गाड्यांचे आकर्षण कळणार नाही. त्या विलासी नाहीत. त्यांना वळणे नीट घेता येत नाहीत, अनेकींचे ब्रेक इंजिनाच्या मानाने दुबळे होते. त्यांचे सारे कसब एका सरळ रेषेत, पाव मैलात, म्हणजे सुमारे ४०० मीटरमध्ये सामावलेले आहे. सिग्नल हिरवा झाला की निघायचे आणि पुढच्या सिग्नलच्या आत कोण ते ठरवायचे. महाकाव्य नव्हे, फटका.

आणि आवाज. दादा म्हणतो, "बघण्याआधी ऐक की." आठ सिलिंडर इंग्रजी 'व्ही'सारखे दोन ओळींत बसवलेले असतात. सगळ्या इंजिनाचा विचार केला तर स्फोट समान अंतराने होतात. पण भुजादंडाच्या रचनेमुळे प्रत्येक ओळीपुरते पाहिले तर ते विषम अंतराने येतात. दोन्ही ओळींचा धूर वेगवेगळ्या नळ्यांतून बाहेर पडतो आणि त्या विषमतेचा गुरगुराट होतो. सरळ ठेक्यात मध्येच एखादी मात्रा सरकावी तसा तो कानाला लागतो. पोटातल्या पोटात अडखळणारी ही लय गाडी उभी असतानाच पुढे काय होणार आहे ते सांगत असते.

या अनुभवाला आपण कोणत्या खणात घालायचे? यंत्राच्या सौंदर्याविषयी पाश्चात्त्यांनी पुष्कळ लिहिले आहे. मारिनेत्तीने १९०९ च्या आपल्या जाहीरनाम्यात धावती मोटार ही प्राचीन ग्रीक विजयदेवतेच्या शिल्पाहून सुंदर ठरवली. रोलाँ बार्थने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज'मध्ये सित्रोएनच्या नव्या गाडीवर लिहिताना मोटारींची तुलना गॉथिक कॅथीड्रलांशी केली. आपल्या कवितेत यंत्र आले ते मर्ढेकरांपासून, आणि मुख्यतः विषण्णता घेऊन आले. माणसाला चिरडणारे यंत्र आपल्याला परिचित आहे. माणसाला उल्हसित करणारे यंत्र आपण कवितेत फारसे येऊ दिले नाही. त्यामुळे या गाड्यांविषयी मराठीत लिहिताना वीररसाची भाषा वापरावी तर ती हास्यास्पद होते, आणि निव्वळ निषेधाची वापरावी तर अनुभवाला न्याय मिळत नाही.

अमेरिकन चित्रपटाने ही अडचण शब्द कमी करून सोडवली. १९६८ च्या 'बुलिट'मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून हिरवी मस्टँग आणि काळी चार्जर जवळजवळ अकरा मिनिटे एकमेकींच्या मागे धावतात. पाठलाग रंगात आला की पार्श्वसंगीत थांबते, संवाद नाहीत, उरतात फक्त इंजिने आणि टायर. त्या संकलनासाठी फ्रँक केलरला ऑस्कर मिळाले. पण मला अधिक ओढून घेतो तो १९७१ चा 'व्हॅनिशिंग पॉइंट'. व्हिएतनामहून परतलेला, पोलिसाची नोकरी गेलेला, शर्यतीतही न टिकलेला कोवाल्स्की डेन्व्हरहून सान फ्रान्सिस्कोकडे एक पांढरी चॅलेंजर पोचवायला निघतो आणि कोणत्याही सांगण्याजोग्या कारणाविना थांबायचे नाकारतो. एक अंध कृष्णवर्णीय रेडिओ निवेदक त्याला वाट दाखवत राहतो. शेवटी रस्त्यात आडव्या लावलेल्या बुलडोझरांवर तो गाडी घालतो.

या चित्रपटाची पटकथा कोणी लिहिली हे कळले तेव्हा मी चकित झाले. टोपणनावाने ती लिहिली होती गियेर्मो काब्रेरा इन्फान्ते याने. 'थ्री ट्रॅप्ड टायगर्स' या नावाने इंग्रजीत आलेल्या कादंबरीचा हा क्यूबन लेखक, ज्याला पुढे १९९७ साली स्पॅनिश साहित्यातला सर्वोच्च असा सर्व्हान्तेस पुरस्कार मिळाला. १९६५ साली त्याने क्यूबा सोडले ते कायमचे. अमेरिकेच्या मोकळ्या रस्त्याची ही दंतकथा एका निर्वासिताने लंडनमध्ये राहून लिहावी, याला योगायोग म्हणून सोडवत नाही. ज्याला परत जायला घर उरलेले नाही, त्यालाच न थांबणाऱ्या गाडीचा अर्थ इतका नेमका कळत असावा.

इथे एक प्रश्न मला, बाई म्हणून, टाळता येत नाही. बेटकुळी ही पुरुषी वस्तू आहे. त्या काळातल्या जाहिराती चाळल्या तर गाडी पुरुषाची आणि स्त्री बॉनेटला टेकलेली असाच संसार दिसतो. मग या कौतुकात माझी जागा कोणती? उत्तर देताना मला दोन स्त्रिया आठवतात. एक शिकागोतली बावीस वर्षांची शिक्षिका. मस्टँग अधिकृतपणे विक्रीला यायच्या दोन दिवस आधी, १५ एप्रिल १९६४ रोजी, तिने निळी, उघड्या टपाची मस्टँग विकत घेतली. अमेरिकेत ग्राहकाच्या हाती गेलेली ती पहिली मस्टँग मानली जाते. दुसरी शर्ली मल्डाउनी. सरळ रेषेतल्या शर्यतीच्या सर्वांत वेगवान वर्गाचा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री. १९७७, १९८० आणि १९८२ असे तीन वेळा तिने त्या वर्गाचे अजिंक्यपद मिळवले, आणि तेही गुलाबी रंगाच्या गाडीतून. वेगाला लिंग नसते, असे म्हणून मी मोकळी होणार नाही. वेगाच्या विक्रीला ते नक्कीच होते. पण वस्तू ज्यांच्यासाठी बनवली जाते त्यांच्याच हाती ती राहत नाही. पुस्तकांच्या बाबतीत हे आपण रोजच शिकवतो.

आता दादाच्या चॅलेंजरकडे येते. ऑगस्ट २०१८ मध्ये मी महिनाभर त्याच्याकडे होते. डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड अॅव्हेन्यू नावाचा रुंद रस्ता आहे. साठच्या दशकात तरुण मुले तिथे रात्री गाड्या घेऊन हिंडत, आणि नव्या इंजिनांवर काम करणारे अभियंतेही चोरून आपली कामगिरी तिथेच पडताळून पाहत. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये तिथे जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले सत्तरीतले स्त्रीपुरुष, हातात थंड पेये, आणि समोरून संथपणे सरकणारी त्यांची तरुण वये, असा तो देखावा आहे. जत्रेसारखाच, फक्त पालखीत देवाऐवजी प्रत्येकाचे अठरावे वर्ष बसलेले.

दादाची गाडी हेमी नाही. अर्धगोलाकार ज्वलनकक्षांमुळे हेमी म्हणून ओळखले जाणारे ४२६ घन इंचांचे इंजिन हे या पंथातले परब्रह्म. पण १९७० सालासाठी बनलेल्या सुमारे ७७,००० चॅलेंजरांपैकी ते जेमतेम साडेतीनशे गाड्यांत होते. दादाच्या गाडीत ३१८ घन इंचांचे साधे इंजिन आहे. २००६ साली एका धान्यकोठारातून त्याने ती गंजलेल्या अवस्थेत आणली आणि झाकून ठेवली. २००९ साली, त्या उद्योगावर संकट कोसळले तेव्हा, त्याची नोकरी गेली. आठ महिने तो घरी होता. वहिनी सांगते, "त्या आठ महिन्यांत हे बोलायचे बंद झाले होते. सकाळी गॅरेजात जायचे, रात्री हात काळे करून यायचे. मी म्हटलं, हात काळे होतायत तोवर माणूस शाबूत आहे." दादाचे वडील, म्हणजे माझे मामा, की आत्याचे यजमान म्हणून आम्ही त्यांना काका म्हणत असू, कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोल्डर होते, वाळूचे साचे करून त्यात वितळलेले लोखंड ओतण्यात त्यांची हयात गेली. घरात काही विपरीत घडले की तेही मुकाट्याने भट्टीवर जात.

गाडीची आसने उसवताना दादाला स्प्रिंगांत अडकलेला एक पिवळा पडलेला कागद सापडला. त्या कंपनीच्या गाड्यांत असे कागद सापडतात. गाडीची जुळणी होत असताना कोणता भाग कुठे लावायचा याच्या सूचना त्यावर सांकेतिक आकड्यांत छापलेल्या असत. काम झाले की कामगार तो कागद आसनात किंवा गालिच्याखाली सारून मोकळा होई. आज या कागदाला ताम्रपटाचे मोल आहे. कारण गाडी अस्सल की बनावट, हे त्यावरून ठरते. गाडीच्या क्रमांकातही असाच संकेत असतो. दादाच्या गाडीचा क्रमांक 'जे एच २३ जी ० बी' असा सुरू होतो : चॅलेंजर, किमतीची श्रेणी, दोन दारांचा बंद टप, ३१८ चे इंजिन, साल १९७०, आणि शेवटचा 'बी' म्हणजे हॅम्ट्रॅमिकचा कारखाना. 'जी'च्या जागी 'आर' असता, तर ती हेमी ठरून तिची किंमत अनेक पटींनी वाढली असती. म्हणूनच साध्या गाडीत मोठे इंजिन बसवून ती मूळचीच तशी असल्याचे भासवणारेही आहेत, आणि त्यांना पकडणारे तज्ज्ञही.

हे ऐकताना मला सारखे वाटत होते की हे आपलेच शास्त्र आहे. मूळ पाठ कोणता, प्रक्षिप्त काय, कोणत्या प्रतीवर विश्वास ठेवायचा, लहियाने कुठे हात फिरवला आहे, हेच तर पाठचिकित्सेचे प्रश्न. या गाड्यांचे आकर्षण टिकून राहण्यामागे मला हे एक खरे कारण दिसते. त्या वाचता येतात. बॉनेट उघडले की कोणत्या क्रियेचा कोणता परिणाम होतो ते डोळ्यांना दिसते. "ह्यात लपवलेलं काही नाही बघ," दादा म्हणाला होता. तो स्वतः आयुष्यभर आधुनिक इंजिनांच्या धुराचे नियंत्रण करणाऱ्या संगणकीय प्रणालींवर काम करत आला आहे. सीलबंद डब्यांतली ती यंत्रे त्याची उपजीविका आहेत. उघडे वाचता येणारे हे यंत्र त्याचे प्रेम. चॅलेंजरच्या शेपटीतून जे बाहेर पडते, ते थांबवण्यासाठीच त्याला पगार मिळतो, हे तो हसत सांगतो. त्या हसण्यात विसंगती मिटवण्याची धडपड नाही.

पण वाचन इथे थांबले तर ते अपुरे राहील. दादाने दाराच्या आतला जुना रंग हलक्या हाताने उतरवला, तेव्हा खाली मेणाच्या खडूने ओढलेली एक खूण निघाली. पिवळी, वाकडी, घाईत काढलेली. तपासणी झाली असे सांगणारी कोणा कामगाराची ती खूण. हौशी लोक अशा खुणा छायाचित्रांवरून हुबेहूब पुन्हा काढतात, कारण त्यांशिवाय गाडी 'कारखान्यातून आली तशी' ठरत नाही. ती घाई मात्र कोणाला गिरवता येत नाही. आणि माझ्या मते सारा प्रश्न त्या घाईचा आहे.

हॅम्ट्रॅमिकचा तो कारखाना 'डॉज मेन' म्हणून ओळखला जाई. २ मे १९६८ रोजी तिथल्या कामगारांनी संघटनेची वाट न पाहता काम बंद पाडले. कारण होते 'स्पीड-अप', म्हणजे असेंब्ली लाइनचा वाढवलेला वेग. त्यानंतरच्या कारवाईत कृष्णवर्णीय कामगारांवर अधिक कठोर शिक्षा झाल्या. सर्वांत जड आणि धोक्याची कामे आधीपासून त्यांच्याच वाट्याला होती. त्यातून 'डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट' ही संघटना उभी राहिली. आदल्याच वर्षी, जुलै १९६७ मध्ये, डेट्रॉइट पेटले होते आणि ४३ माणसे मेली होती. 'बुलिट' १९६८ चा. रोड रनर १९६८ ची. नव्या रूपातली चार्जरही १९६८ ची. रस्त्यावर जो वेग मुक्ती वाटत होता, तोच वेग कारखान्याच्या आत शिक्षा होता. दोन्हींना एकच शब्द आहे आणि तो एकाच शहरात, एकाच वर्षी, दोन अर्थांनी उच्चारला जात होता.

या दुसऱ्या वेगाला कवी मिळाला. फिलिप लेव्हिन हा डेट्रॉइटमध्ये जन्मलेला, तरुणपणी मोटार कारखान्यांत राबलेला कवी. त्याच्या 'व्हॉट वर्क इज' या संग्रहाला १९९१ चे नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले आणि २०११ साली तो अमेरिकेचा राजकवी झाला. तो १९२८ चा. आपले नारायण सुर्वे १९२६ चे. 'माझे विद्यापीठ' १९६६ साली आले, म्हणजे हे सारे घडत होते तेव्हाच. वर्गात सुर्वे शिकवताना मी अलीकडे लेव्हिनचे नाव घेते. मोबाइलवर चार्जर ठेवणारी मुले तेव्हा मान वर करतात. ती गाडी कोणी बनवली, हा प्रश्न त्यांना कधी कोणी विचारलेला नसतो. आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे वडील एमआयडीसीत कोणत्या ना कोणत्या यंत्राशी उभे असतात.

तो काळ संपला कसा, हे थोडक्यात सांगते. रस्त्यावरचे मृत्यू वाढत होते. १९७२ साली अमेरिकेत ते चोपन्न हजारांवर गेले. राल्फ नेडरच्या १९६५ च्या पुस्तकानंतर सुरक्षेचे कायदे आले होते. तरुणांच्या वेगवान गाड्यांवर विमा कंपन्यांनी जबर हप्ते लावले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे इंजिनांचा दाब उतरवावा लागला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. प्लिमथ बाराकुडा १ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आली होती. तिचे उत्पादन थांबले ते १ एप्रिल १९७४ रोजी, बरोबर दहा वर्षांनी. चॅलेंजरही त्याच वर्षी थांबली. मारेकरी एकच नव्हता, आणि मारेकऱ्यांपैकी बहुतेकांची बाजू रास्त होती. शोकांतिकेचे विद्यार्थी म्हणून याची नोंद आपण घ्यायला हवी. ज्या गोष्टीचा अंत न्याय्य असतो, तिच्याविषयीची हळहळ अधिक गुंतागुंतीची असते.

पुढे ही हळहळ बाजारात आली. १९७१ ची हेमी कुडा, उघड्या टपाची, २०१४ साली ३५ लाख डॉलरना गेली. 'बुलिट'मधली खरी मस्टँग जानेवारी २०२० मध्ये ३४ लाखांना पुकारली गेली. सगळे शुल्क धरून ती ३७ लाखांच्या वर पडली. कामगाराच्या मुलाला हप्त्याने घेता यावी म्हणून काढलेली वस्तू आता त्याच्या नातवाला पाहतादेखील येणार नाही अशा गोदामांत बंद आहे. दरम्यान डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मधल्या साडेअठरा लाखांवरून २०१० पर्यंत सुमारे सव्वासात लाखांवर आली आणि २०१३ साली शहराने दिवाळे जाहीर केले. नव्याने काढलेली चॅलेंजरही २०२३ च्या अखेरीस थांबली. २०२४ साली आलेल्या विजेवरच्या चार्जरला इंजिन नाही, म्हणून कृत्रिम गुरगुराट बसवला आहे. पुष्कळांनी त्याची टिंगल केली. मला त्यात टिंगलीपेक्षा काही वेगळे ऐकू येते. कुणीतरी निघून गेल्यावर त्याच्या खोकण्याचा आवाज घरात राहावा, तसे काहीतरी.

डॉज मेन १९८० साली बंद पडला आणि पुढच्या वर्षी पाडला गेला. त्या जागी आणि शेजारची वस्ती उठवून जनरल मोटर्सचा कारखाना उभा राहिला. चार हजारांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. आज त्याच ठिकाणी विजेवर चालणारी वाहने बनतात. एकाच जमिनीवर पाठावर पाठ चढत गेले आहेत, आणि खालचा पाठ पुसताना वरचा लिहिणाऱ्याने फारशी विचारपूस केलेली नाही.

दादापुढे प्रश्न होता तो त्या मानाने लहान : दाराच्या आतली ती पिवळी खूण ठेवायची की रंगवायची. स्पर्धेचे परीक्षक नवी, नीटस, छायाचित्राबरहुकूम काढलेली खूण पसंत करतात. जुनी, अर्धी पुसलेली खूण म्हणजे त्यांच्या लेखी अपुरे काम. तो बरेच दिवस थांबला. मग त्याने दाराचा सगळा आतला भाग नव्याने जांभळ्या रंगाने रंगवून घेतला आणि त्या खुणेभोवती हातभर जागा, गंजाच्या डागांसकट, तशीच सोडली. दार उघडले की आधी तीच दिसते. मी विचारले, याने गाडीची किंमत कमी नाही का होणार? "होईल की," तो म्हणाला, आणि बॉनेट बंद करून हात पुसू लागला.